चार मतांच्या प्रभागाची कुळकथा

15 जानेवारी 2026 रोजी कोल्हापूर महापालिकेसाठी मतदान झालं, तेव्हा शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत प्रत्येक मतदाराला निदान चार वेळा बटण दाबावं लागलं. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. पहिलं बटण दाबून बाहेर पडू पाहणाऱ्याला केंद्रावरचे कर्मचारी परत बोलवायचे, कारण सगळ्या जागांचं मत दिल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ दाबा, पण दाबा. शहराचे एकूण 20 प्रभाग केले होते. 19 प्रभाग चौघांचे, एक पाच जणांचा, मिळून 81 नगरसेवक. 2015 साली एवढेच 81 जण 81 प्रभागांतून निवडून आले होते. इथल्या कार्यकर्त्याच्या अंगवळणी पडलेलं गणित तेच होतं: एक गल्लीबोळांचा प्रभाग, त्याचा एक नगरसेवक.

प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा आला की कोल्हापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नकाशा अमक्यासाठी फोडलाय.’ अमका कोण, ते बोलणाऱ्याच्या गटावर अवलंबून. या आरोपाला जगभर जे नाव आहे ते अमेरिकेतून आलं. एल्ब्रिज गेरी हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. फेब्रुवारी 1812 मध्ये त्यानं राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आपल्या पक्षाला सोयीचे होतील असे आखणाऱ्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ गावांना वळसे घालत असा काही वाकडा गेला, की 26 मार्च 1812 च्या ‘बोस्टन गॅझेट’नं त्या नकाशाला डोकं, पंख आणि नख्या काढून व्यंगचित्र छापलं. सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याच्या शेपटीला गेरीचं नाव जोडलं आणि ‘गेरीमँडर’ जन्माला आला. त्या निवडणुकीत गेरीच्या पक्षाला विरोधकांपेक्षा मतं कमी पडली आणि 40 पैकी 29 जागा मिळाल्या. गेरी स्वतः मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. राज्यभर एकच मतदारसंघ असलेल्या निवडणुकीत नकाशाचा काय उपयोग?

व्यंगचित्र झकास होतं, म्हणूनच बहुधा त्यानं सगळ्यांची नजर आकाराकडे वळवली. आकाराच्या करामती पुढेही झाल्या. अलाबामातल्या टस्कीगी गावाची चौकोनी हद्द 1957 साली कायदा करून 28 बाजूंची केली गेली आणि जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार गावाबाहेर पडले. सर्वोच्च न्यायालयानं 1960 मध्ये त्याला हरकत घेतली. पण दक्षिणेकडच्या गोऱ्या पुढाऱ्यांचं खरं हुकमी हत्यार वेगळं होतं, आणि त्याला वाकडी रेघ लागतच नव्हती. रेघच मारायची नाही. अलाबामातल्याच मोबील शहरात 1911 पासून तीन कमिशनर असायचे आणि तिघांनाही अख्खं शहर निवडायचं. शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती साधारण एक तृतीयांश, तरी त्यांचा एकही माणूस कधी निवडून आला नाही. कारण तिन्ही जागांवर दोन तृतीयांशांचीच मतं भारी पडणार. शहराचे तीन तुकडे केले असते तर एक जागा कदाचित त्यांची झाली असती. हे प्रकरण 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं न्यायमूर्तींनी वाईट हेतू सिद्ध करायला सांगितलं, मग संसदेनं 1982 मध्ये मतदान हक्क कायदा दुरुस्त करून परिणाम पाहिला तरी पुरे असं ठरवलं. 1986 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातले बहुसदस्यीय मतदारसंघ याच कसोटीवर पडले.

आता गंमत अशी, की अमेरिकेच्या दक्षिणेत दुबळ्यांना बाहेर ठेवणारी ही बहुसदस्यीय रचना आपल्याकडे आली ती त्यांना आत घ्यायला. तिच्या कुळाचा एक धागा थेट कोल्हापूर संस्थानात सापडतो. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर नगरपालिकेत जातवार प्रतिनिधित्वाची सोय केली, आणि दत्तोबा पोवार या अस्पृश्य समाजातल्या कार्यकर्त्याला नगरपालिकेचं अध्यक्षपद मिळालं. ब्रिटिश मुलखात 1919 च्या सुधारणा आल्या तेव्हा ब्राह्मणेतरांना कायदेमंडळात जागा कशा मिळणार हा वाद पेटला. जानेवारी 1919 मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी साक्ष दिली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि आंबेडकर एका व्यासपीठावर आले. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या, त्या बहुसदस्यीय मतदारसंघांत. एका मतदारसंघातून अनेक जण निवडायचे. वरच्या क्रमांकांत मराठा उमेदवार नसला तर मराठ्यांतला सर्वांत जास्त मतं मिळवणारा आत येणार. मराठ्यांच्या राखीव जागा! आजच्या वाचकाला हे वाचून काय काय आठवेल ते मी लिहायची गरज नाही.

पुणे करारानंतर हीच पद्धत अस्पृश्यांच्या राखीव जागांना लावली गेली. आणि इथं मुंबई प्रांतानं एक बारकावा आणला, जो मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत मोलाचा वाटतो. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत मतदाराला जागांइतकी मतं होतीच, पण ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. संख्येनं कमी पण एकजूट असलेल्या समाजाला याचा अर्थ ताबडतोब कळतो. सगळी मतं एका ठिकाणी ओता, आपला माणूस काढा. आंबेडकरांनी या पद्धतीचा आग्रह धरला होता, आणि ते त्या निवडणुकीत मुंबईतून निवडून आले. पुढे 1952 च्या लोकसभेला ते उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात उभे राहिले तेव्हा मतं दोनच होती आणि दोन्ही एकाला देता येत नव्हती. एक द्यायचं, दुसरं दुसऱ्याला. हजारो मतं बाद झाली, राखीव जागा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी जिंकली आणि घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पडला. पराभवाची कारणं अनेक होती, पण आधीची मुभा असती तर काय झालं असतं हा प्रश्न उरतोच. 1937 नंतर पन्नासएक वर्षांनी, 1988 मध्ये, मतं साठवून देण्याची हीच मुभा अलाबामाच्या चिल्टन परगण्यानं एका खटल्याच्या तडजोडीत स्वीकारली. सात जागा, मतदाराला सात मतं, कशीही वाटा. तिथल्या अल्पसंख्य कृष्णवर्णीयांनी आपली मतं बॉबी एजी यांच्या पारड्यात टाकली आणि परगण्याच्या मंडळावर त्यांचा पहिला माणूस गेला.

कोल्हापूरही एकेकाळी दोन खासदारांचा मतदारसंघ होता, हे आता जुन्या शेकापवाल्यांखेरीज फारसं कुणाला आठवत नाही. 1957 साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, या एकाच मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिगे असे दोघे दिल्लीला गेले. संयुक्त महाराष्ट्र समितीनं दोघांना एकत्र उभं केलं होतं आणि मतदारानं आपली दोन मतं दोघांत वाटली. पॅनेल चाललं. त्याच वर्षी आंध्रातल्या पार्वतीपुरमला उलटं झालं. तिथं आदिवासींसाठी एक जागा राखीव असलेल्या द्विसदस्यीय मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि खुल्या जागेवर डोळा असलेले व्ही. व्ही. गिरी 565 मतांनी मागे पडले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1959 मध्ये न्यायालयानं सांगितलं, राखीव वर्गातल्या माणसाला खुली जागाही जिंकता येते. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाचा हा पराभव द्विसदस्यीय पद्धतीला भोवला असं सर्रास मानलं जातं. 1961 च्या कायद्यानं असे मतदारसंघ मोडले गेले आणि राखीव जागेसाठी पूर्ण मतदारसंघ वेगळा काढायची रीत आली.

म्हणजे लोकसभा-विधानसभेतून बहुसदस्यीय पद्धत गेली. पण कोल्हापूर जिल्ह्यातून ती गेली असं कोण म्हणेल? ती साखर कारखान्यात, बाजार समितीत, जिल्हा बँकेत आणि सर्वांत वर ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघात मुक्कामाला होती. संचालक एकवीस, मतदार ठरावधारक, आणि ‘पॅनेल टू पॅनेल’ शिक्के मारा हा प्रचाराचा सारा मजकूर. 2021 मध्ये सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या आघाडीनं महाडिक गटाकडून ‘गोकुळ’ची सत्ता घेतली ती 21 पैकी 17 जागा जिंकून. मतांतली तफावत जागांतल्या तफावतीएवढी कधीच नसते. पॅनेलचा हा स्वभावच आहे, मोबील शहरात होता तोच. ज्याच्याकडे थोडी जास्त मतं त्याच्याकडे जवळजवळ सगळ्या जागा. विरोधकाच्या पदरात चार पडले तर ते क्रॉस व्होटिंगमुळे, आणि त्या क्रॉस व्होटिंगचा हिशेब जिल्ह्यात पुढची पाच वर्षं चालतो.

महापालिकांत ही पद्धत आणली ती सहकारानं नव्हे, सरकारांनी, आणि मुंबईला त्यातून कायम वगळून. 2002 मध्ये पुण्या-नागपुरात तिघांचे प्रभाग, 2007 ला पुन्हा एकेकाचे, 2012 ला दोघांचे, 2017 ला चौघांचे. ज्या पक्षाला शहरात पक्षचिन्हावर सलग मतं पडण्याची खात्री त्याला मोठा प्रभाग आवडतो, ज्याची भिस्त गल्लीतल्या माणसावर त्याला लहान. यात फारसं गूढ नाही. कोल्हापूर या फेऱ्यांतून वाचलं ते निव्वळ कॅलेंडरमुळे. इथल्या निवडणुका 2005, 2010, 2015 अशा आडवर्षी पडत गेल्या.

नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली आणि कॅलेंडरचं कवच गेलं. आधी एकसदस्यीय 81 प्रभागांची आरक्षण सोडत झाली. शाळकरी मुलांनी चिठ्ठ्या काढल्या, कुणाचा प्रभाग महिलांसाठी गेला, कुणाची बायको रातोरात कार्यकर्ती झाली. निवडणूक झालीच नाही. 2022 मध्ये नवा आराखडा: 31 प्रभाग, 92 नगरसेवक, तिघा-तिघांचे गट, एक प्रभाग दोघांचा. तोही गुंडाळला गेला. मार्च 2022 मध्येच विधिमंडळानं प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला होता. कारण ओबीसी आरक्षणाच्या तिढ्याचं. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा चौघांचे प्रभाग आले. प्रशासकाच्या राजवटीत पाच वर्षं, आणि त्या पाच वर्षांत एकाच शहराचे तीन नकाशे.

नकाशे नियमानंच काढले जातात, हे खरं. उत्तरेकडून सुरुवात करून नागमोडी दक्षिणेला यायचं, जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही, हद्द रस्ता, ओढा किंवा नाल्यावरून न्यायची. त्यामुळे इथं पंख आणि नख्यांचा सरडा सहसा निघत नाही. पण 2011 च्या जनगणनेतल्या साडेपाच लाख लोकांना 81 नं भागलं तर प्रभाग पावणेसात हजारांचा होतो, आणि चौघांचा केला की सत्तावीस हजारांचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती, फुटबॉलचा संघ, भांडण, लग्न आणि निवडणूक हे सगळं तिच्याभोवती फिरतं. पावणेसात हजारांत एखाद्या तालमीचा शब्द नगरसेवक ठरवू शकतो, अपक्षही. सत्तावीस हजारांत त्याच तालमीला चार उमेदवारांच्या पॅनेलमध्ये एक जागा मागावी लागते, म्हणजे नेत्याच्या दारात जावं लागतं. एकही रेघ वाकडी न होता सत्ता पेठेतून नेत्याच्या बंगल्यावर गेली.

चौघांच्या प्रभागाच्या बाजूनं बोलायचं तर अनुसूचित जाती, ओबीसी आणि महिला यांच्या राखीव जागा एकाच प्रभागात शेजारी-शेजारी असल्यानं अख्खा प्रभाग राखीव झाल्याची कुरकुर कमी होते, आणि एका नगरसेवकाच्या मनमानीला शेजारच्या तिघांचा चाप बसतो असं म्हणतात. दुसरी बाजू विचारते, गटार तुंबलं तर फोन कुणाला करायचा? अ कडे गेलं तर तो क कडे बोट दाखवतो. मला स्वतःला त्याहून मोठी उणीव वाटते ती मतांच्या वाटपाची. चार जागा चार वेगळ्या निवडणुका धरल्यामुळे मतदाराला चार मतं मिळाली खरी, पण 1937 च्या मुंबईकराला असलेली ती एका जागी साठवण्याची मुभा मिळाली नाही. प्रभागात चाळीस टक्के असलेल्यांना चारांतला एकही न मिळणं यात सहज शक्य आहे.

नवी जनगणना झाली की 81 चा आकडा बदलेल, प्रभाग पुन्हा आखले जातील, आणि ते एकाचे, तिघांचे की चौघांचे हे त्या वेळी मुंबईत बसलेलं सरकार ठरवेल.