आगबोटीने राजापूरला

शिमगा तोंडावर आलाय. साल 1955च्या आसपासचं, आणि तुम्ही मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उभे आहात. उभे कसले, मागची गर्दीच तुम्हाला रेटत नेतेय. डोक्यांवरून ट्रंका चालल्यात. सुकी मासळी, घाम आणि धुराड्याचा धूर एकदमच नाकात शिरतो. फळीवरून आत पाऊल पडताच आधी वळकटी सोडा! सतरंजी पसरेल तेवढीच जागा तुमची. रेंगाळलात, तर रात्र ट्रंकेवर बसून काढावी लागेल.

भोंगा वाजतो, थेट पोटात घुमतो. रेवसची बाजू दिसू लागली की शेजारची आजी हात जोडते. आजूबाजूचे आवाजही खाली येतात. 1947च्या जुलैत ‘रामदास’ बोट इथेच बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. या डेकवर ते कुणीच विसरलेलं नाही.

मग ऊन चढतं. डेक तापतो, खालून इंजिनाची धग येते, पोरं किरकिरतात. डाव्या हाताला किनारा सरकत राहतो. जंजिरा गेला, सुवर्णदुर्ग आला. कुणीतरी विचारतंच, “तुम्ही कुठले?” राजापूर म्हणालात की पुढचा प्रश्न, “राजापुरात कुठे?” चौथ्या प्रश्नाला तुमच्या आत्याचं सासर निघतं. आता सुटका नाही. आजी गाठोडं सोडते, तांदळाची भाकरी मोडते, वर लसणीची चटणी ठेवते आणि अर्धी तुमच्या हातावर देते. नको म्हणायची सोय नाही.

दुपारनंतर वारा उठतो आणि बोट डोलू लागते. कुणाला तरी बोट लागते, मग ओळीने सगळ्यांना. आंबूस वास पसरतो. तुमच्याही तोंडाला पाणी सुटतं. कापलेलं लिंबू नाकाशी धरा आणि नजर लांब किनाऱ्यावर ठेवा.

रत्नागिरीला निम्मा डेक रिकामा होतो, तेव्हा कुठे पाय पसरता येतात. डोळा लागतो न लागतो तोच हाक येते, “मुसाकाजी!” राजापूरवाल्यांनी याच बंदरात उतरायचं. बोट किनाऱ्याला लागत नाही, लांबच उभी राहते. अंधारात किनाऱ्यावर नेणारी होडी, पडाव, बोटीला खेटून वरखाली होतोय. खलाशी ओरडतो, “थांबा... आता!” लाट पडावाला वर उचलते त्याच क्षणी पाऊल टाकायचं. दोन खरबरीत हात दंडाला धरून तुम्हाला आत ओढतात. मागून ट्रंक येते, पोर येतं, आजीही येते.

राजापूर अजून खाडीच्या वरच्या अंगाला आहे. पण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वर्षभर जे मिळालं नाही, ते तुम्हाला एका दिवसात मिळालं: कुणाचे कोण म्हणून ओळखणारी माणसं. शिमग्यात पालखी नाचेल तेव्हा खांद्याला खांदा लावायला हीच असतील.