रोमच्या चाळीतून कोसबाडच्या टेकडीवर

वर्गात चाळीस मुले बसलेली असतात. गुरुजी फळ्यावर हातच्याची बेरीज समजावून सांगतात. पाच-सात मुलांना ती पहिल्याच खेपेला उमगते. बरीचशी शेजाऱ्याच्या पाटीवर नजर टाकून वेळ निभावून नेतात, आणि मागच्या रांगेतली काही तिथेच अडकतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी पुढे जातात. काय करणार? वर्षाचा अभ्यास संपवायचा असतो. अडकलेले मूल मात्र मागेच राहते, आणि पुष्कळदा एके दिवशी शाळेत यायचेच बंद होते. आपण म्हणतो, ‘पोर मंद आहे.’ पण ते मंद म्हणून मागे पडले, की त्याला पुरता वेळ मिळाला नाही म्हणून?

हा प्रश्न इटलीतल्या एका डॉक्टरीणबाईंना पडला होता. त्यांचे नाव मारिया मॉन्टेसरी. 1870 साली जन्मलेल्या या बाईंनी 1896 साली रोममध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. बुद्धीने अधू समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी त्या काम करू लागल्या. इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी काही साधने योजली होती. ती बाईंनी अभ्यासली, सुधारली आणि मुलांच्या हाती दिली. त्यांतली काही मुले लिहावाचायला शिकली आणि इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षेलाही बसली. लोकांनी वाहवा केली. बाई मात्र विचारात पडल्या, की ही मुले इथवर येतात, तर आपल्या शाळांतली धडधाकट मुले इतकी मागे का?

उत्तर शोधायची संधी 1907 साली मिळाली. रोमच्या सान लोरेंझो भागात मजुरांच्या चाळी होत्या. आईबाप दिवसभर कामाला जात आणि लहान मुले जिन्यात धुडगूस घालीत, भिंती खरवडीत. इमारतीची नासधूस थांबावी म्हणून मालकांनी मुलांना एका खोलीत सांभाळायचे ठरवले व ते काम बाईंकडे आले. 6 जानेवारी 1907 रोजी तिथे पहिले ‘बालगृह’ उघडले. मुले सुमारे पन्नास होती. म्हणजे ज्या पद्धतीला आपण आज श्रीमंतांची समजतो, ती जन्मली गरिबांच्या चाळीत, हे ध्यानात ठेवा.

तिथली दट्ट्यांची पेटी पाहा. लाकडाच्या ठोकळ्यात दहा भोके, आणि त्यांत बसणारे कमी-जास्त जाडीचे दहा दट्टे. एक जरी दट्टा चुकीच्या भोकात गेला, तरी शेवटी एक हाती उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मग मूल आपणच पुन्हा जुळवू लागते. कोणी रागावायला नको, की कोणी चूक दाखवायला नको. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी या खेळात अशी गढून गेली, की भोवती मुले गाऊ लागली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम चालूच! चाळिसाहून अधिक वेळा दट्टे लावून झाल्यावर ती आपणहून थांबली. ती दमली नव्हती, तृप्त झाली होती. मूल आपली गती आपण जाणते, हे बाईंनी यातून टिपले.

पण हे झाले शिशुवर्गाचे. मोठ्या मुलांचे काय? 1916 साली बाईंनी प्राथमिक शाळेतील स्वयंशिक्षणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे या शाळांत सोनेरी मणी आले. सुटा मणी म्हणजे एक. तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दशक. अशा दहा तारांचा चौकोन म्हणजे शतक, आणि दहा चौकोनांचा ठोकळा म्हणजे हजार. आता सत्तावीस आणि पंधरा मिळवायचे. सात आणि पाच मिळून बारा सुटे मणी झाले. त्यांतले दहा देऊन मूल एक दशकाची तार घेते. आपण ‘हातचा एक’ म्हणतो ना? तो इथे खरोखरीच हातात येतो! एक मूल हे दोन दिवसांत सोडून कागदावर येईल, दुसऱ्याला दोन आठवडे लागतील. त्यात कमीपणा कसला?

अशा शाळेत सहा ते नऊ वर्षांची मुले एकत्र बसतात. दर अर्ध्या तासाला घंटा होत नाही. दोन-तीन तास सलग कामाला मिळतात. मोठे मूल धाकट्याला दाखवते आणि दाखवता दाखवता त्याचेही पक्के होते.

आपल्याकडे हा विचार लवकरच आला. गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून 1920 साली भावनगरला बालमंदिर काढले. 1923 साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. 1931 साली गांधीजी लंडनला गेले असता तिथल्या मॉन्टेसरी शिक्षकांपुढे बोलले. हे शिक्षण खात्यापित्या घरांपुरते न राहता दरिद्री मुलांपर्यंत पोहोचावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. 1939 साली खुद्द मॉन्टेसरीबाई मद्रासजवळ अड्यारला आल्या. महायुद्धामुळे त्यांना इथेच राहावे लागले. 1942 ते 1944 त्या कोडईकनालला होत्या. तिथे त्यांनी पुत्र मारिओ यांच्यासह सहा ते बारा वयाच्या मुलांचा अभ्यास आखला. झाड, प्राणी, पृथ्वी, माणूस यांचा एकमेकांशी संबंध मुलांनी पाहून, हाताळून शोधावा, हे त्याचे सूत्र.

गांधीजींची आशा आपल्याच मातीत फळाला आली. 1945 साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. परदेशी साधनांच्या पेट्या आणायला पैसा कुठला? मग समुद्राकाठचे शंखशिंपले, झाडांच्या बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पोरे गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे काम फोफावले. 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले तेही अंगणवाडीचेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही विचाराल, ‘पोरांना मोकळे सोडले तर ती दिवसभर हुंदडतील, त्याचे काय?’ शंका रास्त आहे. पण इथे मोकळीक म्हणजे बेबंदपणा नव्हे. साधन कसे वापरायचे ते शिक्षक आधी दाखवून देतो. दुसऱ्याच्या हातातले साधन ओढायचे नाही, आणि काम संपले की आपले साधन जागच्या जागी ठेवायचे, हे नियम सगळ्यांना लागू असतात. कोणते मूल कुठवर आले, याची नोंद शिक्षक रोज ठेवतो. तो बोलतो कमी, पाहतो अधिक. हे फळ्यापुढे उभे राहण्यापेक्षा अवघडच आहे!

आपल्या खेड्यांत दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, अशा शाळा पुष्कळ आहेत. ती अडचण आहेच, पण निरनिराळ्या वयाची मुले तिथे आयतीच एकत्र बसलेली असतात. थोरल्याने धाकट्याला दाखवावे, प्रत्येकाने आपापल्या पायरीवर काम करावे, यासाठी तीच सोय होऊ शकते. सुरुवातीला पैसाही नको. शंभर चिंचोके घ्या. ज्वारीच्या ताटांचे सारखे तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधा. मागच्या रांगेतल्या मुलाच्या हाती त्या द्या, हातचा कसा घ्यायचा ते एकदा दाखवा, आणि मग जरा बाजूला होऊन त्याला हवा तेवढा वेळ द्या. त्याचे बोट आधी शिकेल, डोके मागोमाग येईल.