मसाल्याच्या चहाचें पूर्ववृत्त

पौषांतल्या थंड पहाटे मसाला घालून उकळलेल्या कोऱ्या चहाचा घोट घेतला म्हणजे जिभेला प्रथम चहाचा तुरटपणा जाणवतो. मागोमाग आल्याचा तिखटपणा घशांत उतरतो. आणि पेला रिकामा झाल्यावर वेलदोडा व दालचिनी यांचा सुगंध मागें उरतो. निर्भेळ चहाचे अभिमानी या मिश्रणाला रेल्वेच्या फलाटावर जन्मलेलें एक अडाणी खूळ समजत आले. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

इ. स. १६३८ मध्यें मँडेलस्लो नांवाचा जर्मन प्रवासी सुरतेस आला. तेथील रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असे, असें त्यानें लिहून ठेविलें. पुढें १६८९ मध्यें जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सुरतेस उतरला. त्याचें प्रवासवर्णन १६९६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत तो सांगतो कीं, सुरतेचे वाणी चहांत खडीसाखर घालतात. आणि पाण्यांत तिखट मसाला उकळून केलेला चहा डोकेदुखी, मुतखडा व पोटांतील मुरडा यांवर गुणकारी मानला जातो. त्या काळीं चहाचें पान येई तें चीनहून. हिंदुस्थानांत चहाचा एकहि मळा तेव्हां नव्हता. परंतु सुंठ, मिरें व लवंगा यांचा काढा घरोघर परिचित होता. परक्या पानाला या देशांत पहिला आश्रय मिळाला तो या काढ्याच्याच भांड्यांत, असें दिसतें.

आसामांतील सिंगफो लोक जें झाड वापरीत, त्याची माहिती रॉबर्ट ब्रूस यास १८२३ मध्यें मिळाली. जानेवारी १८३९ मध्यें आसामी चहाच्या ८ पेट्यांचा लंडन येथें लिलाव झाला. मळे वाढले, पण माल बहुतांशीं परदेशीं जाई. १९०३ च्या कायद्यानें निर्गत चहावर कर बसवून प्रचारासाठीं निधि उभारण्यांत आला, व पुढें देशांतल्या गिऱ्हाइकाकडे व्यापाऱ्यांचें लक्ष वळलें. प्रचारक फुकट पेले वाटीत. चहा कसा करावा याच्या सूचनांचे फलक स्टेशनांवर झळकले: ताजें उकळतें पाणी, ऊन केलेली किटली, मोजून घातलेली पत्ती.

फलाटावरच्या चहावाल्यानें या सूचना वाचल्या, आणि आपल्या सोयीनें बदलल्या. पत्ती महाग होती. थोड्या पत्तींत दूध, साखर व आलें घालून खूप उकळलें कीं गिऱ्हाईक तृप्त होई व चार पैसेहि सुटत. प्रचारकांना ही रीति रुचली नाहीं; पेल्यामागें पत्ती कमी खपते, हा त्यांच्या नापसंतीचा एक मुद्दा होता. शुद्धतेच्या उपदेशामागें असा खपाचा हिशेबहि होता.

पुढें १९३० च्या सुमारास आसामांत विल्यम मॅकर्चर यानें पान चिरडून, फाडून त्याचे दाणे वळणारें यंत्र काढलें. स्वातंत्र्यानंतर या दाणेदार चहाचा प्रसार झाला. त्याचा कडक रंग व कस दुधाला आणि मसाल्याला पुरून उरतो. थोडक्या पत्तींत अधिक पेले होतात. मसाल्याचा चहा गरिबालाहि परवडूं लागला तो अशा रीतीनें.

सुरतेच्या वाण्यांनीं जें औषध म्हणून घेतलें, तें पुढें फलाटावर तरतरीसाठीं घेतलें जाऊं लागलें. प्रचारकांनीं ज्याला नाक मुरडलें, तोच मसाला चहाचे व्यापारी आतां पत्तींत मिसळून, डब्यांत भरून विकतात. आणि थंडी पडली कीं त्या डब्यांना मागणी येते.