रिंगणातला रियाज

विष्णुपंत छत्रे यांचे नाव मराठी माणसाने दोन संदर्भांत ऐकलेले असते. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून, आणि ग्वाल्हेर घराण्याच्या रहिमत खाँना सर्कशीच्या तांड्याबरोबर गावोगाव नेऊन त्यांचे गाणे लोकांना ऐकवणारा रसिक म्हणून. पण सर्कस काढण्यापूर्वी विष्णुपंत होते चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे. ग्वाल्हेरला राहून त्यांनी अश्वविद्या मिळवली आणि तिथेच हद्दू खाँकडे गाण्याची तालीमही घेतली. पुढे कुरुंदवाड संस्थानात त्यांनी घोडे तयार केले. किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून 1880 च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली.

गाणे आणि घोडा ही एका माणसाच्या ठायी आलेली जोडी मला बरीच वर्षे खुणावत होती. गवयाला दोन आयुष्ये असतात. एक रियाजाचे, बंद खोलीतले. दुसरे मैफलीचे, चारचौघांतले. श्रोत्याला दुसरेच दिसते. घोडा शिकवणाऱ्याचेही तसेच असते काय? त्याचा रियाज कोणी पाहिला? आणि तो लोकांसमोर मांडला, तर विद्येचे भले होते की वाटोळे? या प्रश्नांचा माग काढत मी युरोपातल्या ‘ड्रेसाज’च्या इतिहासापाशी पोहोचलो. त्या विद्येत हा झगडा चारशे वर्षे उघडपणे चालू आहे.

ड्रेसाज हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ तयार करणे, शिकवणे एवढाच. आज तो एका ऑलिंपिक खेळाचे नाव आहे. 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद वाळूच्या आयतात घोडा आणि स्वार ठरलेल्या हालचाली करतात आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला गुण देतात. घोडा जागच्या जागी दुडकी चालतो, तिरका सरकतो, चौखूर धावता धावता पावलागणिक पुढचा पाय बदलतो. स्वार मात्र काही करतो आहे असे वाटतही नाही. त्याची टाच, मांडी, पाठीचा कणा आणि लगामावरची बोटे काय सांगतात ते फक्त घोड्याला कळते. खेळाची सारी मौज आणि सारी अडचण इथेच आहे. प्रेक्षकाला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही.

ही अडचण जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने घोडेस्वारीवर पुस्तिका लिहिली. घोड्याकडून जबरदस्तीने करवून घेतलेल्या गोष्टीत समजही नसते आणि सौंदर्यही नसते, नर्तकाला चाबकाने मारून नाचवावे तसे ते असते, असे त्याचे म्हणणे होते. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत ढोलाच्या तालावर नाचणारे घोडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दाखल्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. एखादा घोडा तालात रमलेला असतो, एखादा पुढच्या फटक्याच्या धास्तीने पाय उचलत असतो, आणि लांबून दोघे सारखेच दिसतात.

सोळाव्या शतकात नेपल्स हे या विद्येचे केंद्र झाले. तिथल्या फेदेरिको ग्रिझोने याचा ग्रंथ 1550 मध्ये छापला गेला आणि युरोपभर वाचला गेला. त्यात अडेल घोड्याला वठणीवर आणण्याचे जे उपाय आहेत ते वाचताना अंगावर काटा येतो. त्याच नेपल्समध्ये शिकून फ्रान्सला परतलेला आंत्वान द प्लुव्हिनेल हा वेगळ्या प्रकृतीचा माणूस. त्याने तेराव्या लुईला घोडेस्वारी शिकवली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1623 मध्ये निघाला आणि दोन वर्षांनी त्याची सुधारलेली आवृत्ती आली. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने या ग्रंथाची मांडणी फार महत्त्वाची वाटते. तो संवाद आहे. तरुण राजा विचारतो, हा घोडा असा का वागतो? प्लुव्हिनेल उत्तर देतो आणि समोर घोडा फिरवून दाखवतो. शेजारी दरबारी मंडळी उभी आहेत. क्रिस्पिन द पास याच्या कोरीव चित्रांत दोन खांबांमध्ये बांधलेला घोडा, स्वार आणि पाहणारे सगळे एका चौकटीत येतात. व्याख्यान आणि प्रात्यक्षिक एकत्र गुंफण्याची ही पद्धत पुढे चारशे वर्षे टिकली. मात्र इथे ऐकणारा होता राजा, आणि दरवाजा इतरांना बंद होता.

पुढच्या शतकात ला गेरिनियेरने 1730 च्या दशकात आपला मोठा ग्रंथ छापला. घोड्याचा खांदा आत घेऊन त्याला तिरक्या मार्गाने चालवण्याचा त्याने घालून दिलेला व्यायाम आजही रोजच्या शिकवणीत असतो. त्याच सुमारास, 1729 ते 1735 या काळात, व्हिएन्नात राजवाड्याला लागून पांढऱ्याशुभ्र भिंतींचे, झुंबरांचे घोडशाळागृह उभे राहिले. तिथली स्पॅनिश रायडिंग स्कूल ही संस्था मात्र त्याहून जुनी. तिचा उल्लेख 1572 पासून सापडतो. तिथे विद्या मुख्यतः तोंडी चालत आली. जुना घोडा नव्या स्वाराला शिकवतो आणि जुना स्वार नव्या घोड्याला. आपल्या घराण्यांच्या गुरुशिष्य परंपरेची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

फ्रेंच राज्यक्रांतीने दरबारी रिंगणे मोडली आणि ही विद्या पोटासाठी बाजारात आली. बाजार म्हणजे सर्कस. एकोणिसाव्या शतकातला या विद्येतला सर्वांत वादग्रस्त माणूस, फ्रांस्वा बोशे, सर्कशीच्या गोलातच नावारूपाला आला. ‘पार्टिझान’ नावाचा, कुणाला न आवरणारा घोडा त्याने घेतला आणि पॅरिसच्या प्रेक्षकांसमोर लोण्यासारखा मऊ करून दाखवला. 1842 मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकात मांडली, आणि फ्रेंच सैन्यानेही ती आजमावून पाहिली. त्यावरून वादळ उठले. विरोधकांचा म्होरक्या होता काउंट दोर. बोशे घोड्याचे कसब दाखवतो, पण त्या नादात घोड्याची पुढे झेपावण्याची उपजत ऊर्मी मारतो, असा आक्षेप होता. शेवटी सैन्याने ती पद्धत बाजूला ठेवली. या भांडणातला मूळ मुद्दा असा की सर्कशीच्या तेरा मीटरच्या गोलात, दिव्यांच्या झगमगाटात जे दिपवते, ते मैदानावर टिकेल की नाही हे प्रेक्षकाला कळणार कसे?

पुढे घडले ते कादंबरीकारालाही सुचले नसते. 1855 मध्ये सर्कशीतले जड झुंबर बोशेच्या अंगावर कोसळले आणि त्याचे पाय जायबंदी झाले. त्यानंतर त्याने लोकांसमोर खेळ केले नाहीत. बंद रिंगणात, मोजक्या शिष्यांपुढे तो काम करत राहिला. टाचेचा जोर लावण्याइतके बळ उरले नव्हते. या काळात त्याची पद्धत पालटली. हात असताना पाय नको, पाय असताना हात नको, असे ती सांगू लागली; घोड्याला एका वेळी दोन हुकूम देऊन गोंधळवायचे नाही. त्याचे जाणकार या टप्प्याला ‘दुसरी रीत’ म्हणतात, आणि अनेकांना तीच खरी वाटते. मैफल सुटली आणि रियाज शुद्ध झाला, असे मला त्याच्या चरित्रात दिसते.

यातून प्रदर्शन वाईट आणि एकांत चांगला असा निष्कर्ष कोणी काढील. व्हिएन्नाचा इतिहास तो काढू देत नाही. 1918 मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळले. ज्या सम्राटासाठी हे घोडे होते तो सम्राटच उरला नाही. गरिबीने गांजलेल्या ऑस्ट्रियात पांढऱ्या घोड्यांना दाणा कोण घालणार? 1920 पासून शाळेने तिकीट लावून लोकांना आत घेतले. शाळा जगली ती प्रेक्षकांमुळे.

7 मे 1945 रोजी तर एका प्रयोगावर सारे अवलंबून होते. शाळेचे प्रमुख आलोइस पोधाइस्की घोडे घेऊन बॉम्बहल्ल्यांतून बाहेर पडले होते आणि ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्टिन या गावी आश्रयाला होते. तिथे अमेरिकेचा जनरल पॅटन आला. पोधाइस्कींनी त्याच्यासमोर घोडे फिरवले आणि शेवटी टोपी काढून शाळेला संरक्षण मागितले. पोधाइस्की 1936 च्या ऑलिंपिकमधले ड्रेसाजचे कांस्यपदक विजेते. पॅटन 1912 च्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन खेळलेला. सारे जग युद्धात होरपळत असताना ही धडधाकट माणसे घोड्यांना डुलायला शिकवत बसली, याचे पॅटनला नवल वाटले, तसे त्याने लिहूनही ठेवले. पण चित्रकला आणि संगीत यांपेक्षा आपल्याला हीच कला अधिक रस देते, असेही त्याने त्याच ठिकाणी कबूल केले. संरक्षण मिळाले. आज त्या शाळेत खेळाच्या तिकिटाशिवाय सकाळच्या सरावाचेही तिकीट मिळते. रियाज पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात.

तोवर सैन्यातला घोडा संपला होता. ब्रिटिश घोडदळाच्या पहिल्या दोन रेजिमेंटना 1928 मध्येच घोड्यांऐवजी चिलखती मोटारी मिळाल्या. दरबार गेला, घोडदळ गेले; आता ही विद्या कोणाच्या हाती द्यायची? उत्तर मिळाले हौशी माणसांचे. इंग्लंडमध्ये 1929 मध्ये मुलांसाठी पोनी क्लब निघाला, आणि मोठ्यांसाठी रायडिंग क्लब वाढले. शनिवार-रविवारी घोड्यावर बसणाऱ्या कारकून, शिक्षिका, शेतकरी यांना शिकवायला निवृत्त घोडदळ अधिकारी गावोगाव जाऊ लागले. संध्याकाळी एखाद्या झाकलेल्या रिंगणात भाषण आणि प्रात्यक्षिक, असा एक प्रकार त्यातून रुळला.

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असताना तिच्या गावाजवळच्या क्लबची अशी एक संध्याकाळ मी पाहिली. कडाक्याच्या थंडीत शंभरेक माणसे अंगावर गोधड्या घेऊन बसलेली. पहिला घोडा आला तो चार वर्षांचा, बावरलेला, कोपऱ्यातल्या खुर्चीला बुजणारा. दुसरा सात वर्षांचा, अर्धवट शिकलेला. तिसरा पूर्ण तयारीचा. स्वार एक शब्द बोलत नव्हती. बोलत होता तो ध्वनिवर्धक हातात घेऊन मध्ये उभा असलेला शिक्षक. त्याने सहा पायऱ्यांची शिडी समजावली. तिची मुळे जर्मन घोडदळाच्या 1912 आणि 1937 च्या नियमपुस्तिकांत आहेत. आधी ताल, मग अंगाचा सैलपणा, मग लगामाशी विश्वासाचा स्पर्श, मग मागच्या पायांतली उसळी, मग सरळपणा, आणि शेवटी सारे बळ एकवटणे. संगीताचा विद्यार्थी ही यादी ऐकून हसेल. लयीआधी तान घेणाऱ्याला आपल्याकडेही गुरू थांबवतो.

दुसऱ्या घोड्याचे काम बिघडले. तो ताठला, मान वर करून लगामाशी भांडू लागला. शिक्षकाने विषय बदलला नाही. ‘बघा, मी फार लवकर फार मागितले,’ म्हणाला, आणि स्वाराला पुन्हा साध्या दुडकीच्या मोठ्या वर्तुळावर नेले. दहा मिनिटे तेच. मग घोड्याने फुरफुर करून श्वास सोडला, शेपटी सैल हलू लागली, आणि स्वाराने लगाम सोडत नेला तशी त्याने मान लांब करून जमिनीकडे नेली. लोकांनी तिसऱ्या घोड्याच्या कसरतींना टाळ्या दिल्या, पण घरी परतताना मोटारीत चर्चा झाली ती या दुसऱ्या घोड्याची. राजा लुईला मिळत होते ते त्या रात्री शंभर साध्या माणसांना मिळाले.

दरवाजा उघडण्याला खेळातही वेळ लागला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज फक्त लष्करी अधिकाऱ्यांना खुले होते. विजेत्या स्वीडिश संघातला येनेल पेर्सन हा खरा अधिकारी नाही, स्पर्धेपुरती बढती दिलेला सार्जंट आहे, हे उघड झाल्यावर संघाचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. 1952 मध्ये हेलसिंकीला नियम बदलले; सामान्य नागरिक आणि स्त्रिया उतरल्या. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. टाचेचे बळ नसतानाही ‘ज्युबिली’ घोडी त्यांना समजून घेत होती. शंभर वर्षांपूर्वी बोशेला जायबंदी झाल्यावर जे उमगले, ते इथे साऱ्या जगासमोर सिद्ध झाले. घोड्याच्या साहाय्याने उपचार करण्याच्या चळवळीलाही या पदकाने बळ दिले.

तरीही झगडा मिटलेला नाही. घोड्याची हनुवटी जबरदस्तीने छातीकडे ओढून सराव घेण्याच्या प्रकारावर इतके रान उठले की आंतरराष्ट्रीय महासंघाने 2010 मध्ये बळाने मान वाकवणे अमान्य ठरवले. 2024 मध्ये ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिन, सहा ऑलिंपिक पदकांच्या धनी, पॅरिसच्या स्पर्धेपूर्वी बाजूला झाल्या. एका खासगी शिकवणीत घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाची त्यांची चित्रफीत पुढे आली होती. त्यांनी चूक मान्य केली आणि एक वर्षाची बंदी भोगली. अनेकांना धक्का बसला तो याचा की हे बंद दाराआड घडले होते, आणि रिंगणातल्या त्यांच्या स्वारीचा डौल वर्षानुवर्षे सगळ्यांनी वाखाणला होता.

आपल्यालाही हा विषय आता परका राहिलेला नाही. सप्टेंबर 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण आणले. घोडेस्वारीतले सुवर्ण भारताला तब्बल 41 वर्षांनी मिळाले. चौघेही तयारीसाठी युरोपात राहिले होते. पदके वाढतील तसे आपल्याकडेही क्लब वाढतील, शिकवणारे येतील, प्रात्यक्षिके होतील. तेव्हा प्रेक्षकाने काय पाहावे?

जाणत्यांकडे यासाठी एक साधी कसोटी आहे. चांगल्या प्रात्यक्षिकात स्वार मध्येच हात पुढे नेऊन लगाम दोन-चार पावलांपुरता सैल सोडतो. घोडा ओढून धरलेला असेल तर त्याची मान विस्कटते, चाल तुटते. तो खरोखर शिकलेला असेल तर काहीच बदलत नाही. तो आपल्या तोलावर, आपल्या तालात चालत राहतो. सम्राटापुढे, सर्कशीत, ऑलिंपिकमध्ये किंवा गावच्या क्लबात कुठेही असो, त्या दोन-चार पावलांत मागचा सगळा रियाज दिसतो.