'ऑरिनी' : एका शब्दाची व्युत्पत्ती आणि प्रतिष्ठा

कोरियन लिपीच्या १४४६ मधील घोषणेची प्रस्तावना मूळ चिनी भाषेत आहे. तिच्या कोरियन भाषांतराची जुनी प्रत १४५९ च्या 'वॉरिन-सॉकबो' या बौद्ध ग्रंथाच्या आरंभी मिळते. मनातले लिहून मांडू न शकणाऱ्या प्रजेला तेथे राजा सेजोंग 'ऑरिन' हे विशेषण लावतो. आजचा कोरियन वाचक त्याचा अर्थ 'लहान वयाची' असा लावील, आणि चुकेल. चिनी संहितेत त्या जागी 'मूढ' या अर्थाचे अक्षर आहे. वयाने लहान असण्यासाठी त्या काळी 'ज्यॉम्' हा निराळा धातू होता. पुढे 'ऑरि' बाल्याकडे सरकला आणि 'ज्यॉम्' तारुण्याकडे ढकलला गेला. (संस्कृत-पालीतील 'बाल' शब्दाचा प्रवास नेमका उलट, मुलाकडून मूढाकडे, 'धम्मपदा'तला 'बालवग्ग' मुलांविषयी नाही.)

या विशेषणाला 'व्यक्ती' या अर्थाचा 'इ' जोडून 'ऑरिनी' हा शब्द सिद्ध होतो. तो बांग जॉंग-ह्वान (१८९९–१९३१) यांनी घडवला असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नव्हे. शब्द आधीच्या लेखनातही आढळतो. बांग यांनी १९२३ मध्ये त्याच नावाचे मासिक काढून त्याला प्रतिष्ठा दिली. मुलाला मारणे म्हणजे परमेश्वराला मारणे, असे मानणाऱ्या चॉन्दोग्यो पंथाचे ते अनुयायी होते. पण ही प्रतिष्ठा शब्दात आली कोठून? धातूतून नव्हे, हे उघड आहे. 'इ' हा प्रत्ययही स्वतः फारसा आदरार्थी नाही. म्हातारा तो 'नल्गनी', तरुण तो 'जॉल्मनी'. त्याच साच्यात बसल्यामुळे मूल प्रथमच मोठ्यांच्या रांगेत 'व्यक्ती' म्हणून उभे राहिले. अर्थ येथे व्युत्पत्तीने नव्हे, तर शब्दांच्या परस्परसंबंधाने घडला आहे.

अलीकडे शब्दाचे शेपूट तोडून शेअरबाजारातल्या नवख्यास 'जुरिनी' म्हणण्याची लकब रूढ झाली. २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा शब्दांविषयी प्रतिकूल मत नोंदवले, कारण त्यांत मूल म्हणजे अपुरे, अडाणी माणूस असे गृहीत आहे. यात पंधराव्या शतकातला 'मूढ' परतला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. 'जुरिनी' म्हणणाऱ्याला सेजोंगच्या प्रस्तावनेतला जुना अर्थ ठाऊक असण्याची गरज नाही. मुलांविषयीचा प्रचलित समज त्याला पुरतो.