पानिपत की विजयदुर्ग? आरमारी नजर आणि विज्ञानकथा

विज्ञानकथेत युद्ध आलं की आपल्याला आधी शस्त्रं आठवतात: किरणांच्या बंदुका, यंत्रमानव वगैरे. पण लेखक कोणत्या सैन्यातून आला आहे, यावरून त्याच्या कथेतलं युद्ध बदलतं. हे आज आपण दोन लेखकांच्या आधारे बघू. एक अमेरिकन, नौदलातला. दुसरा आपला मराठी, खगोलशास्त्रज्ञ.

पहिला लेखक रॉबर्ट हाइनलाइन. जन्म १९०७. १९२९ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून तो अधिकारी म्हणून बाहेर पडला. ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावर आणि नंतर ‘रोपर’ या विनाशिकेवर त्याने काम केलं. १९३४ मध्ये क्षयरोगामुळे नौदल सोडावं लागलं. लढाई अशी त्याने पाहिलीच नाही. पहिली कथा छापून आली १९३९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा नौदलाच्या कामाला गेला, पण फिलाडेल्फियातल्या प्रयोगकेंद्रात, नागरी अभियंता म्हणून. आयझॅक असिमोव्हही त्या वेळी तिथेच नोकरीला होता.

१९५९ साली हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही कादंबरी आली. तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ती लष्कराचं उदात्तीकरण करते, अशी टीकाही झाली आणि ती आजही होते. तो वाद आपण बाजूला ठेवू, कारण आपल्याला वेगळी गोष्ट बघायची आहे. कादंबरीचा नायक पायदळाचा शिपाई आहे, पण त्याला ग्रहापर्यंत नेतं ते नौदल. पहिल्याच प्रकरणात शिपाई खाली उतरतात, हल्ला करतात आणि परत नेणाऱ्या यानाच्या वेळेवर सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. यान आलं तर जगलो, नाही आलं तर तिथेच संपलो! पायदळातला लेखक चिखल आणि संगिनी लिहितो. नौदलातला लेखक अंतर, वेळ, इंधन आणि परतीची वाट लिहितो. जहाज बंदरापासून किती लांब आहे आणि बिघडलं तर कुठे दुरुस्त होणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात आधी असतो.

आता दुसरे लेखक, डॉ. जयंत नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. आपल्याला आज हवी आहे ती त्यांची पानिपतावरची कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती कानाजवळून निघून गेली. मराठे पानिपत जिंकले. हीच कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातही गेली.

या कथेतला एक तपशील नीट बघा. मराठे जिंकले, देश स्वतंत्र राहिला, तरी मुंबई मात्र इंग्रजांकडेच आहे! कराराने, २००१ पर्यंत. गंगाधरपंत पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने निघतात. घाट उतरला की सरहद्द लागते, परवाने तपासले जातात आणि गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचते. कांजूरमार्गचं नाव कथेत नाही, पण ही वाट आपल्या मध्य रेल्वेची. म्हणजे त्या इतिहासात आपण आज बसलो आहोत ती जागा इंग्रजांच्या हद्दीत येते. जमिनीवरची एवढी मोठी लढाई जिंकूनही समुद्रकाठ सुटला नाही. का सुटला नाही, हा प्रश्न आरमारी नजरेचा माणूस लगेच विचारेल. आणि उत्तरासाठी तो पाच वर्षं मागे जाईल.

फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, व्यापारी जहाजं लुटत होता. नानासाहेब पेशव्यांनी त्याला नमवण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून ॲडमिरल वॉटसनची जहाजं आणि सोबत रॉबर्ट क्लाइव्ह. इंग्रजांचा एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं. ते पेटलं, आणि शेजारी नांगरून ठेवलेली आंग्र्यांची गलबतं एकामागून एक पेटत गेली. मराठ्यांचं सर्वांत बलवान आरमार खाक झालं. किल्ला इंग्रजांनी घेतला, तो परत मिळवायला पेशव्यांना बाणकोट द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते. कलकत्ता परत घेतलं गेलं, जूनमध्ये प्लासी झाली.

तुळाजीला आवर घालण्याची गरज पेशव्यांना वाटली, त्यामागे कारणं होती. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं होतं. ते अंग कापायला आपणच परक्याला बोलावलं. मग बघा, जर-तरचा खरा क्षण कोणता? पानिपतावरची ती एक गोळी, की ‘रिस्टोरेशन’वर पडलेला तो गोळा? आमच्या मते दुसरा. पानिपताची हानी दहा वर्षांत माधवराव पेशव्यांनी बरीच भरून काढली, उत्तरेत मराठे पुन्हा गेले. विजयदुर्गाला जळालेली समुद्रावरची ताकद मात्र परत आली नाही. आणि तरीही मराठीत पानिपतावर किती लिहिलं गेलं, विजयदुर्गाच्या त्या आगीवर किती? आपली कल्पनाशक्ती घोड्यावर बसलेली आहे, होडीत ती क्वचितच उतरते.

आणखी एक गोष्ट. वॉटसनची जहाजं विजयदुर्गावर जाण्याआधी मुंबईत आली होती. मुंबईत इंग्रजांची गोदी होती, १७३५ पासून जहाजबांधणी सुरू होती, वाडियांसारखे कसबी कारागीर होते. समुद्रातली ताकद तोफांइतकीच गोदीतल्या हातांवर उभी असते. पाण्याखालचा तळ साफ करणारा, फळी बदलणारा, दोर वळणारा माणूस नसेल तर ॲडमिरल बंदरातच अडकून पडतो.

म्हणून हा विषय कांजूरमार्गला बोलावासा वाटला. इथे नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसं इथून लोकलने निघतात आणि फोर्टातल्या लायन गेटमधून गोदीत शिरतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, भांडाराचे कारकून. जहाज किती दिवसांत समुद्रात परत जाईल, हे यांच्या हातात असतं. हाइनलाइनला पाच वर्षांच्या नौदल नोकरीतून आयुष्यभराचं लेखन मिळालं. इथल्या घरांमध्ये तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षांची नोकरी आहे, आणि ती बहुतेक निरोपसमारंभातल्या शालीबरोबर घडी होऊन कपाटात जाते.

मराठी विज्ञानकथा प्रयोगशाळेतून आली, प्राध्यापकांनी आणि शास्त्रज्ञांनी ती मोठी केली, त्यांचे उपकार आहेतच. आता ती गोदीतूनही यावी. वर्गीकृत माहिती सांगायची गरज नाही. एक सुटा भाग वेळेवर न आल्याने अडलेलं जहाज, एवढं पुरेसं आहे. ते जहाज समुद्रात ठेवा किंवा मंगळाच्या कक्षेत, गोष्ट तीच राहील. श्रोत्यांमध्ये गोदीतून निवृत्त झालेले कोणी असतील, तर आमची विनंती एवढीच: वही घ्या आणि लिहायला बसा. विजयदुर्गाची आग लागली नसती तर काय झालं असतं, हे गोदीत हात काळे केलेल्या माणसाइतकं खरं दुसरं कोण लिहिणार?