पाडवी हे कुठले आडनाव?

दिवाळीच्या दिवसांत 'पाडवी' हे आडनाव ज्याच्या कानांवर पहिल्यांदाच पडेल, त्या पुणेकर वा मुंबईकर गृहस्थाला बलिप्रतिपदेचा पाडवा आठवल्यावाचून राहणार नाही. पाडव्याला जन्मला तो पाडवी, अशी व्युत्पत्ती तो तिथल्या तिथे करील आणि समोरच्या करंजीकडे वळेल. आडनावांच्या बाबतीत आपण मराठी माणसे निकाल द्यायला भारी उतावीळ. ही खोड आपल्याला आपल्याच आडनावांनी लावली आहे. गावाच्या नावापुढे 'कर' लावला की एक आडनाव झाले. वतन किंवा हुद्दा सांगितला की कुलकर्णी, देशमुख, पाटील झाले. या दोन किल्ल्या कनवटीला लावून आपण हिंडतो आणि कोणतेही कुलूप यांनीच उघडणार असे धरून चालतो. नंदुरबार जिल्ह्यात मात्र या किल्ल्या फिरत नाहीत.

हा जिल्हा तसा वयाने लहान. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा निघाला. पण मुलूख जुना. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांतल्या पश्चिम खानदेशाचा हा वायव्य कोपरा. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा, खाली तापीचे काळेभोर खोरे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजेच अक्राणी, असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती सोळा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात भरली आणि तिच्यातले शंभरांतले एकोणसत्तर आदिवासी निघाले. तेव्हा इथली आडनावे हा प्रामुख्याने आदिवासींच्या आडनावांचा विषय आहे.

ती आडनावे तरी किती? पाडवी, वसावे, वळवी, तडवी, गावित, पावरा, नाईक. जिल्ह्याबाहेरच्या मराठी माणसाला यांतली निम्मी अपरिचित. जिल्ह्याच्या आत मात्र एसटीच्या एका फेरीत ही सगळी भेटतात. किती दाट, याचा एक सार्वजनिक दाखला देतो. या जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आहेत आणि चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०२४ च्या निवडणुकीत या चार जागांवर दोन पाडवी, एक गावित आणि एक नाईक निवडून आले. त्याच वर्षी लोकसभेवर गेले तेही पाडवीच. महाराष्ट्राच्या इतर भागांत दुर्मिळ असलेले एखादे आडनाव एका कोपऱ्यात इतके एकवटावे, ही गोष्ट सहज घडत नाही. तिच्यामागे इतिहास असतो.

त्या इतिहासाचे पहिले सूत्र असे, की ही मुळात आपल्या अर्थाने आडनावेच नव्हेत. ही कुळांची किंवा लोकसमूहांची नावे आहेत. सातपुड्यातल्या पाड्यावर माणसाला त्याचे नाव असते, बापाचे नाव असते आणि कूळ असते. कूळ रोज उच्चारायचे नसते. ते सोयरिकीच्या वेळी, देवाच्या कार्याला आणि मर्तिकाला लागते. एरवी शेजाऱ्याला ते ठाऊकच असते. ज्याला ठाऊक नसते, त्या परक्याला सांगण्याची वेळ आली तेव्हा कुळाचे आडनाव झाले. हा परका म्हणजे कारकून, तलाठी आणि शाळामास्तर.

मास्तरांच्या पुढ्यात छापील रजिस्टर असे आणि रजिस्टरात रकाने असत. रकाना मोकळा ठेवणे हे सरकारी लेखणीला मानवत नाही. या भागातल्या जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे मी आवडीने चाळतो. त्यांत मुलाचे नाव आणि बापाचे नाव सरळ येते आणि आडनावापाशी लेखणी अडखळलेली दिसते. कोठे कूळ लिहिले आहे, कोठे जमातीचे नाव, तर कोठे नुसते 'भिल'. शहादे आणि शिरपूर या भागांत 'भिल' हे आजही आडनाव म्हणून चालते. मनात येते, एखाद्याने आपले आडनाव 'मराठा' किंवा 'ब्राह्मण' असे लावले तर आपल्याला ते किती चमत्कारिक वाटेल! इथे ते कुणाला खटकले नाही, कारण लिहिणारा आणि लिहून घेणारा यांच्यांत बरोबरीचे नाते नव्हते.

पावरा या आडनावाचेही तसेच झाले. पावरा हे एका सबंध समाजाचे नाव. आपले पूर्वज पावागडाहून इकडे आले, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. मध्यप्रदेशात बडवानीकडे त्यांचेच भाऊबंद बारेला म्हणून ओळखले जातात. समाजाच्या पोटात कुळे अनेक आहेत आणि सोयरीक वेगळ्या कुळातच होते. पण धडगावच्या रजिस्टरात सगळेच पावरा लागले. त्यामुळे लग्नपत्रिकेत वरही पावरा आणि वधूही पावरा असे दिसते आणि बाहेरगावचा वाचक चकित होतो. कुळे वेगळी आहेत. ती कागदावर चढली नाहीत, एवढेच. नाईक आणि तडवी या नावांची जात आणखी निराळी. घाटवाटा राखणाऱ्या भिल्ल पुढाऱ्यांना नाईक म्हणत. १८५७ च्या उठावातील खाजा नाईक हे नाव खानदेशात कोण विसरेल? तडवी म्हणजे पुष्कळ भिल्ल भागांत गावचा मुखी. म्हणजे आमच्या पाटील-देशमुखांची ही भावंडेच म्हणायची.

पाडवी, वसावे आणि वळवी ही नावे प्रामुख्याने मेवासाची. मेवास म्हणजे सातपुड्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या भिल्ल संस्थानिकांचा मुलूख. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर अशी सहा छोटी संस्थाने तेथे नांदत होती. काठीची राजवाडी होळी आजही पहाटे पेटते आणि रात्रभर चालत आलेली माणसे तिच्याभोवती ढोलाच्या तालावर नाचतात. इंग्रजांनी हा मुलूख खालसा केला नाही. संस्थानिकांकडून थोडीशी खंडणी घेऊन त्यांना डोंगरात राहू दिले. त्यांचे मालकी हक्क संपले ते महाराष्ट्र राज्याच्या १९६१ च्या विनियमाने. तलाठ्याची वही आणि मास्तरांचे रजिस्टर इथे इतर खानदेशापेक्षा उशिरा पोचले, त्यामुळे कुळाची नावेही अधिक टिकली. ही माणसे बोलतात देहवाली. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीचा भिल्ल बोलींवरचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात देहवाली, मावची आणि पावरी या बोलींची स्वतंत्र नोंद आहे.

आता नकाशाकडे वळू. अक्कलकुव्याहून पश्चिमेला थोडे गेले की गुजरातचा सागबारा तालुका लागतो. डोंगर तोच, बोली तीच, माणसेही तीच. आडनाव मात्र बदलते. इकडचे वसावे तिकडे वसावा होतात. नवापुराहून सोनगड-व्यारा भागात जा, तिथे गावितांचे गामीत झालेले आढळतील. हे कसे झाले? वसावे हे मराठी कानाचे काम. काळा या शब्दाचे आडनाव आपण काळे करतो, गोऱ्याचे गोरे करतो. आदराचे अनेकवचन लावल्याशिवाय आडनाव पुरे झाल्यासारखे आपल्याला वाटत नाही. त्याच सवयीने वसावाचे वसावे झाले. गामीत आणि गावित यांचे तर अधिकच सोपे आहे. गुजराती माणूस ज्याला गाम म्हणतो, त्याला आपण गाव म्हणतो. गामीत म्हणजे गाव करून राहणारा, असा अर्थ सांगितला जातो. म्हणजे शब्द एकच. एकदा तो गुजराती लेखणीतून उतरला, एकदा मराठी.

१ मे १९६० पर्यंत या फरकाला फारसे महत्त्व नव्हते, कारण दोन्ही बाजू मुंबई राज्यातच होत्या. त्या दिवशी राज्ये दोन झाली. पश्चिम खानदेशातली दीडशेवर गावे गुजरातकडे गेली. निझर आणि उच्छल हे आज तापी जिल्ह्यात असलेले तालुके त्याच भागातले. नवापूरचे रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही वाटणी समजावून सांगायला नको. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. सीमेवर एक बाक आहे, त्याच्यावर मधोमध रेघ मारून दोन्ही राज्यांची नावे लिहिली आहेत. प्रवासी गमतीने तिथे फोटो काढून घेतात. गावित आणि गामीत यांच्यामधून गेलेली रेघ तीच आहे. एका भावाची मुले मराठी शाळेत गेली, दुसऱ्याची गुजराती शाळेत, आणि दोन पिढ्यांत एका आजाची नातवंडे कागदावर दोन आडनावांची झाली.

असे जगात इतरत्रही घडले आहे. आयर्लंडमध्ये आडनावापूर्वी 'ओ' किंवा 'मॅक' लावीत. ओ म्हणजे नातू, मॅक म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात परभाषी कारकुनांनी ही आडनावे कानाला लागतील तशी लिहिली. पुष्कळांचे 'ओ' गळून गेले आणि एका कुळाची अनेक रूपे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वत्वाची जाणीव जागी झाली, तेव्हा कित्येक घराण्यांनी टाकलेला 'ओ' परत लावला. पण मागचा शोध घेणे त्यांना जड गेले. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांची बहुतेक कागदपत्रे राख झाली. आज एखादे दुर्मिळ आयरिश आडनाव कोणत्या परगण्यातले हे पाहायचे असेल, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या जमीनपट्टीच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. आमची रजिस्टरे जळाली नाहीत. ती शाळांच्या कपाटांत आहेत आणि त्यांच्यावर माणसांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे. कसे, ते सांगतो.

राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. महाराष्ट्राची आजची यादी वाचली तर आपली आडनावेच तिथे जमातींच्या नावांत भेटतात. भिल्लांच्या नोंदीत पावरा, वसावा आणि वसावे आहेत. गामीत, गामटा, गावित, मावची यांच्या पंक्तीला पाडवी आहे. धानका, तडवी, तेतारिया यांच्या शेजारी वळवी आहे. म्हणजे एकाच पाड्यावर पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेले, एकमेकांत सोयरिकी केलेले पाडवी, वळवी आणि वसावे यादीत तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसले आहेत. अक्कलकुव्याच्या डोंगरातली पुष्कळ पाडवी मंडळी स्वतःला भिल्ल म्हणवतात. यादीतला शब्द त्यांना गामीतांच्या ओळीत नेतो. तडवी हा शब्द तर दोन ठिकाणी आहे: एकदा धानकांबरोबर आणि एकदा 'तडवी भिल' म्हणून भिल्लांत. जळगावकडच्या यावल-रावेर भागातले तडवी मुसलमान आहेत, अक्कलकुव्याकडचे तडवी तसे नाहीत. आणि आडनाव दोघांचे एक.

या यादीतला शब्द कसा वाचायचा, हे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हळबा-कोष्टी यांच्या प्रकरणात सांगितले. यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात आपल्या मनाने काही घालायचे नाही. त्याच साली जात-प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा कायदाही महाराष्ट्राने केला. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलाला पडताळणी समितीपुढे आजोबा-पणजोबांचे जुने कागद ठेवावे लागतात. १९५० पूर्वीचा कागद मिळाला तर तो मोलाचा. ज्या मास्तरांनी रकाना भरायचा म्हणून जे सुचले ते लिहिले, त्यांच्या त्या एका शब्दावर पणतूचा प्रवेश अडतो किंवा सुटतो. चालीरीती आणि देवदैवते विचारून जमात पारखण्याची एक चाचणीही असते. ती एकटी शेवटची कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे जुन्या नोंदीचे वजन कमी न होता वाढलेच आहे.

आडनावांचा प्रवास इथेही थांबलेला नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली नर्मदाकाठची ३३ गावे बाधित केली. मणिबेलीपासूनच्या त्या गावांतली वसावे, पाडवी, पावरा कुटुंबे तळोदे आणि शहादे तालुक्यांच्या सपाटीवर नव्या वसाहतींत आली, काही गुजरातेत गेली. पूर्वी ज्या आडनावावरून डोंगर ओळखता येई, त्याच्यावरून आता ते कळणार नाही. शिकलेली मुले नाशिक, पुणे, सुरत येथे नोकऱ्या करीत आहेत. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडाच्या दारावर 'पाडवी' किंवा 'वळवी' अशी पाटी दिसण्याचे दिवस आले आहेत.

अशी पाटी दिसली तर पाडव्याची व्युत्पत्ती सांगू नये. देवमोगरा कधी पाहिले का, असे विचारावे. देवमोगरा हे सागबारा तालुक्यातले याहामोगी मातेचे ठिकाण. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. अक्कलकुव्याचे वसावे आणि सागबाऱ्याचे वसावा, नवापूरचे गावित आणि सोनगडचे गामीत, सगळे नव्या बांबूच्या टोपलीत धान्य आणि पूजेचे साहित्य घेऊन तिथे चालत येतात. देवीपुढे कुणी प्रमाणपत्र मागत नाही. कोण कुणाचा कोण, हे रांगेतल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. ती माणसे आहेत तोवर, मास्तरांनी मोकळे सोडलेले रकाने कुणीतरी त्यांच्या शेजारी बसून भरून घेतले पाहिजेत.